शंभर किलो कमी: तोट्यातल्या माझदाने हलकी स्पोर्ट्स कार का बनवली

२००८ ते २०१२ या वर्षांत माझदाचा ताळेबंद पाहणाऱ्या कुणीही या कंपनीला दोन सीटची उघडी गाडी बनवायचा सल्ला दिला नसता. नोव्हेंबर २००८मध्ये फोर्डने माझदातला आपला ३३ टक्क्यांचा हिस्सा १३ टक्क्यांवर आणला. मार्च २०१२ला संपलेलं आर्थिक वर्ष सलग चौथं तोट्याचं निघालं आणि तो तोटा १०० अब्ज येनच्या वर होता. येन महाग होता आणि बरंचसं उत्पादन जपानातच होत होतं, त्यामुळे परदेशी जाणारी प्रत्येक गाडी कंपनीला जड जात होती.

त्याच काळात हिरोशिमात, कंपनीच्या मुख्यालयात, एक प्रश्न पुढ्यात होता: एमएक्स-५ या छोट्या रोडस्टरची, म्हणजे दोन सीटच्या उघड्या गाडीची, चौथी पिढी करायची का, आणि केली तर कशी? २०१५मध्ये जी गाडी बाजारात आली ती आधीच्या पिढीपेक्षा सुमारे १०० किलोंनी हलकी आणि सुमारे १० सेंटिमीटरने आखूड होती. जपानात आणि युरोपात तिला १.५ लिटरचं इंजिन मिळालं, म्हणजे आधीच्यापेक्षा लहान. नवी पिढी म्हणजे मोठी, जड आणि जास्त ताकदीची, हा वाहन उद्योगाचा रिवाज. इथे सगळंच उलट्या दिशेने गेलं होतं.

हलकी, साधी, परवडणारी स्पोर्ट्स कार लोकांना खरंच हवी असते का, हा वाद जुना आहे. हवी आहे असं म्हणणारे हजारो भेटतात. शोरूममध्ये जाऊन पैसे मोजणारे मात्र थोडे निघतात. या दोहोंतलं अंतर या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

रिकामी पडलेली जागा

आधी थोडं मागे जावं लागेल. १९६२मध्ये ब्रिटनमध्ये दोन गाड्या आल्या, एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर. दोन्ही १९८०पर्यंत चालल्या. एमजीबी ५ लाखांवर बनली, स्पिटफायर ३ लाखांवर. त्यांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक अमेरिका. दोन्ही बंद पडल्यावर निष्कर्ष निघाला की या प्रकारच्या गाडीची मागणीच संपली.

मला तो निष्कर्ष तेव्हाच्या मानानेही घाईचा वाटतो. १९७४नंतर अमेरिकी नियमांसाठी एमजीबीला रबराचे जाड बंपर चढवले गेले आणि उंचीची अट पुरी करायला अख्खी गाडी वर उचलली गेली. ज्या गाडीची सारी मजा रस्त्यालगत बसण्यात होती, ती वळणावर झुकू लागली. धुराच्या नियमांनी इंजिनाची ताकद खाल्ली. वर इलेक्ट्रिकची रडगाणी, गळणारं छत, सांडणारं तेल. लोक गेले ते या सगळ्याला कंटाळून. हलकेपणावर त्यांचा राग नव्हता.

बॉब हॉल या अमेरिकी वाहन पत्रकाराने १९७९मध्ये माझदाचे केनिची यामामोटो यांना नेमकं हेच सांगितलं: जुन्या इंग्रजी रोडस्टरसारखी साधी, स्वस्त, उघडी गाडी आता कुणीच करत नाही, तुम्ही करा. हॉल पुढे माझदाच्या अमेरिकी शाखेतच रुजू झाला. १९८४मध्ये टोकियो आणि कॅलिफोर्नियातल्या गटांचे आराखडे समोरासमोर ठेवले गेले आणि कॅलिफोर्नियाचा निवडला गेला: इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. १९८५मध्ये पहिली चालती प्रतिकृती सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवली, तेव्हा लोक गाडीमागे येऊन ‘ही काय आहे, कुठे मिळेल’ असं विचारू लागले. त्यांच्यासमोर ना जाहिरात होती, ना कंपनीचं नाव. मागणीची याहून स्वच्छ चाचणी क्वचितच होत असेल.

फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी दाखवली गेली. वजन सुमारे ९४० किलो, १.६ लिटरचं इंजिन, अमेरिकेत ११६ अश्वशक्ती, किंमत १३,८०० डॉलरपासून. विक्रेते छापील किमतीच्या वर हजारो डॉलर मागत होते आणि लोक देत होते. १९९०मध्ये जगभरासाठी ९५ हजारांहून अधिक गाड्या बनल्या, त्यातल्या सुमारे ३६ हजार अमेरिकेत खपल्या.

वजन चढतं कसं

पहिली पिढी सुमारे ४ लाख ३१ हजार बनली. १९९८ला आलेली दुसरी २ लाख ९० हजार. २००५ला आलेली तिसरी दहा वर्षं चालूनही २ लाख ३१ हजारांवर थांबली. वर्षाची सरासरी काढली तर ५४ हजारांवरून ३९ हजार आणि तिथून २३ हजार.

याच काळात वजन ९४० किलोंवरून जवळजवळ ११०० किलोंपर्यंत गेलं. हे कुणी ठरवून केलं नाही. तिसऱ्या पिढीचे प्रमुख ताकाओ किजिमा यांच्या गटाने ग्रॅम मोजायची मोहीम राबवली होती, आरशासारख्या वस्तूचंही वजन उतरवलं होतं. तरी गाडी फुगली, कारण वजन एकटं येत नाही. बाजूच्या धडकेचा नियम आला की दार जाड होतं. एअरबॅग वाढल्या की त्यांच्यामागचा सांगाडा वाढतो. अंग जड झालं की ब्रेक मोठे लागतात, मोठे ब्रेक मावायला मोठी चाकं लागतात, मोठ्या चाकांचे झटके सोसायला सस्पेंशन जाड करावं लागतं, आणि हे सगळं ओढायला १.६च्या जागी २ लिटरचं इंजिन. त्या इंजिनाला मोठा रेडिएटर. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी रास्त असतो. बेरीज मात्र दीडशे किलोंची होते. त्यातच या पिढीच्या चेसिसचा पाया आरएक्स-८ या मोठ्या गाडीबरोबर वाटून घेतलेला होता. पैसे वाचवायचा तो सरळ मार्ग होता आणि त्या वाटणीतूनही काही वजन आलंच.

आता उतरती विक्री आणि चढतं वजन हे दोन आलेख समोरासमोर ठेवले की दोन अर्थ निघतात. एक, गिऱ्हाईकच आटलं. दोन, गाडी आपल्या गिऱ्हाईकापासून दूर गेली. पहिल्या अर्थाला आधार होता. १९९५-९६च्या सुमारास बीएमडब्ल्यू झेड३, मर्सिडीज एसएलके, पोर्शे बॉक्स्टर, एमजीएफ, फियाट बार्केटा एकामागून एक आल्या होत्या आणि गिऱ्हाईक वाटलं गेलं होतं. शिवाय २००८च्या मंदीत लोकांनी घरातल्या खर्चाच्या यादीवरून सगळ्यात आधी दुसरी गाडी खोडली. रोडस्टर ही बहुतेकांची दुसरीच गाडी असते.

माझदाने तरी दुसऱ्या अर्थावर पैज लावली. चौथ्या पिढीचे प्रमुख नोबुहिरो यामामोटो. १९९१ला ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ७८७बी गाडीच्या रोटरी इंजिनावर काम केलेला हा माणूस. शर्यतीत घडलेल्या माणसाला वजनाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

ग्रॅमचा हिशेब

या गाडीत बसलात तर डॅशबोर्डवर प्रवाशासमोरचा नेहमीचा खण सापडत नाही. काढूनच टाकला आहे. कागदपत्रं ठेवायची तर दोन सीटांच्या मधे मागे एक झाकणाची पेटी आहे, तिथवर हात वळवून न्यावा लागतो. पेला ठेवायची कडी सुटी आहे. ती मागे दोन सीटांच्या मधे अडकवता येते, नाहीतर मधल्या कन्सोलच्या कडेला, अगदी प्रवाशाच्या गुडघ्याशी. तिथे लावली की उंच माणसाचा गुडघा तिला घासतो. दोन्ही गोष्टींवर परीक्षकांनी तक्रारी केल्या आणि त्या रास्त आहेत. पण गाडीच्या आतली जागा न वाढवता बाहेरची लांबी कमी करायची तर काहीतरी सोडावं लागतं, आणि इथे काय सोडायचं हे कुणीतरी बसून ठरवलं आहे हे हाताला जाणवतं.

सीटमध्ये फोमचे जाड थर भरण्याऐवजी ताणलेली जाळी वापरली. चाकाला आधी पाच नट होते, ते चार केले. एका चाकामागे एक नट, एक बोल्ट आणि हबवरचं थोडं लोखंड एवढंच वाचतं, पण हे वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, चाकाबरोबर फिरणारं आणि खड्ड्यात उतरणारं. असं एक किलो डिकीतल्या कित्येक किलोंच्या तोलाचं. बॉनेट, डिकीचं झाकण आणि पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे केले. कापडी छताला मोटर दिली नाही. खटका सोडायचा, सीटवरूनच एका हाताने छत मागे ढकलायचं, वरून दाबायचं, संपलं काम. मोटरचं छत उघडायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात हे होतं. इथे कमी दिल्याने गिऱ्हाईकाला जास्त मिळालं, आणि या गाडीचा सगळा युक्तिवाद मला त्या एका हालचालीत दिसतो.

जपानातलं सगळ्यात साधं मॉडेल ९९० किलोंवर आलं. त्याला मागचा अँटीरोल बारही, म्हणजे वळणात गाडीचं झुकणं रोखणारा दांडाही, नव्हता. टायर १९५ मिलिमीटर रुंदीचे, १६ इंची, म्हणजे आजकालच्या साध्या घरगुती गाडीला असतात तसे. पकड मुद्दाम बेताची ठेवली, म्हणजे नेहमीच्या वेगातही गाडी वळणात काय करते आहे ते चालवणाऱ्याला कळावं. माझदा पहिल्या पिढीपासून यासाठी ‘जिनबा इत्ताई’ हे शब्द वापरते, म्हणजे घोडा आणि स्वार एक होणं. धावत्या घोड्यावरून बाण मारणाऱ्या जपानी तिरंदाजांच्या परंपरेतून ते आले आहेत. मराठीत आपण ‘मांड पक्की’ म्हणतो त्याच्या जवळचं. मांड पक्की व्हायला घोडा आपल्या मापाचा असावा लागतो.

किमतीचं काय झालं? अमेरिकेत चौथी पिढी २४,९१५ डॉलरपासून सुरू झाली. १९८९चे १३,८०० डॉलर महागाई धरून २०१५ला साधारण २६ हजारांच्या आसपास होतात. पहिल्या पिढीत नव्हत्या अशा कितीतरी सुरक्षा यंत्रणा सांभाळून, पादचाऱ्याला धडक बसल्यास बॉनेट आपोआप उचलणारी यंत्रणा जपानात आणि युरोपात देऊन, गाडी खऱ्या अर्थाने आधीपेक्षा किंचित स्वस्त. या प्रकरणातली ही सर्वांत मोठी कामगिरी आहे आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही.

दीड की दोन लिटर

गाडी १.५ लिटर इंजिनाभोवती आखली होती: १३१ अश्वशक्ती, वर मिनिटाला ७००० फेऱ्यांपर्यंत आनंदाने चढणारं. अमेरिकेत मात्र ती फक्त २ लिटरमध्ये दिली गेली. जपानात कापडी छताच्या गाडीला फक्त १.५ दिलं. एकच गाडी, दोन बाजार आणि ‘साधी’ या शब्दाचे दोन अर्थ.

युरोपात १.५च्या गाडीचा ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायचा अधिकृत वेळ ८.३ सेकंद होता. मधल्या किमतीच्या कितीतरी डिझेल हॅचबॅक त्याच्या आसपास होत्या. इथे या गाडीची खरी अडचण आहे. खरेदी करणारा माणूस आधी आकड्यांचा तक्ता पाहतो आणि तक्त्यात हलकेपणाला रकाना नसतो. वजन लिहिलेलं असतं, पण ते पाहून कुणाच्या छातीत धडधडत नाही. अश्वशक्ती पाहून धडधडते. स्टिअरिंग फिरवल्यावर नाक किती चटकन वळतं, ब्रेक किती वेळा दाबले तरी थकत नाहीत, टायर किती वर्षं टिकतात, हे चालवल्यावरच कळतं. म्हणून या गाडीची विक्री चाचणी फेरीवर अवलंबून असते, आणि विक्रेत्याकडे उभ्या गाड्या थोड्या असल्या की तीही होत नाही.

२०१८ला २ लिटरचं इंजिन १८४ अश्वशक्तीपर्यंत नेलं गेलं. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके करून ते वर ७५०० फेऱ्यांपर्यंत फिरू लागलं. त्याच वेळी स्टिअरिंग पुढे-मागे सरकवता येऊ लागलं. पहिल्या मॉडेलात वजनापायी ती सोय दिली नव्हती. लांब पायाच्या गिऱ्हाईकांनी तीन वर्षं त्याविषयी कुरकुर केली होती. काय सोडायचं याचा अंदाज तिथे चुकला होता आणि तो दुरुस्त केला हे बरंच झालं. हलकेपणाच्या नावावर माणसाला नीट बसताच आलं नाही तर त्या मांडीचा काय उपयोग?

एका चुलीवर दोन घरं

मे २०१२मध्ये, म्हणजे सगळ्यात मोठ्या तोट्याचं वर्ष नुकतंच संपलेलं असताना, माझदाने फियाटशी बोलणी जाहीर केली. याच पायावर अल्फा रोमिओसाठी रोडस्टर हिरोशिमात बनवायची ठरली. पुढे फियाटचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी अल्फा इटलीतच बनली पाहिजे अशी भूमिका घेतली आणि गाडीवर अल्फाऐवजी फियाटचं नाव आलं: १२४ स्पायडर, १.४ लिटरचं टर्बो इंजिन, सुमारे १४ सेंटिमीटर जास्त लांब. विक्री बेताची राहिली आणि २०२०पर्यंत ती गाडी गेलीसुद्धा. पण सुरुवातीच्या, सर्वांत खर्चाच्या वर्षांत साच्यांचा आणि लाइनचा भार दोघांनी उचलला.

याच्या शेजारी पाँटिअॅक सोल्स्टिस ठेवून पाहा. २००५ला आली, सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरच्या आत, दिसायला देखणी, आणि आल्या आल्या मागणी पुरवता येईना. पण वजन १३०० किलोंच्या आसपास आणि छत खाली केलं की डिकीत सामानाला जागा उरत नसे. मुख्य म्हणजे तिचा पाया फक्त तिचा आणि तिच्या बहिणीचा, सॅटर्न स्कायचा. त्यांच्यासाठी डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनचा कारखाना राखलेला. पहिली लाट ओसरली, २००९ला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, आणि कारखाना, गाडी, दोन्ही ब्रँड सगळंच संपलं.

एमएक्स-५ हिरोशिमातल्या उजिना कारखान्यात इतर मॉडेलांबरोबर एकाच लाइनवर बनते. एखाद्या वर्षी रोडस्टरची मागणी निम्मी झाली तर त्या लाइनवर दुसऱ्या गाड्या जास्त निघतात, कारखाना रिकामा बसत नाही. इंजिनांचं कुटुंबही माझदाच्या साध्या घरगुती गाड्यांतलंच. वेगळं काय असायला हवं आणि वाटून घेतलेलं काय चालेल, याची रेघ या वेळी बरोबर जागी ओढली गेली. चेसिस स्वतःची ठेवली. इंजिनाचा पाया आणि कारखाना वाटून घेतला.

मागणी नेमकी कुणाची

अमेरिकेत २०१४ला, म्हणजे जुन्या पिढीच्या अखेरीस, एमएक्स-५ची विक्री ५ हजारांच्या आत आली होती. २०१७ला ती ११ हजारांवर गेली. २०१६ला गाडीने जागतिक कार आणि जागतिक डिझाइन असे दोन्ही पुरस्कार एकाच वर्षी घेतले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये दहा लाखावी एमएक्स-५ बनली.

दुपटीहून जास्त वाढ म्हणून टाळ्या वाजवाव्यात इतकं ते सोपं नाही. १९९०ला अमेरिकेत विकल्या गेलेल्या दर १०,००० वाहनांमागे साधारण २६ मिआटा होत्या (तिथे तिला याच नावाने ओळखतात). २०१७ला त्या ६-७ झाल्या. सर्वोत्तम घडवलेली, योग्य किमतीची, पुरस्कार मिळवलेली गाडी, आणि तरी एवढंच. तेव्हा गिऱ्हाईक आटल्याचा पहिला अर्थही खोटा नव्हता. पण २०२१ला, गाडी सहा वर्षं जुनी झाल्यावर, विक्री पुन्हा १० हजारांवर गेली. सहसा स्पोर्ट्स कार पहिल्या दोन वर्षांत आपलं सगळं गिऱ्हाईक संपवते. ही मागणी अरुंद आहे, पण तिची धार तुटत नाही.

मग ते हजारो कुठे आहेत, जे मनापासून म्हणतात की अशी गाडी हवी? ते जुन्या गाड्या घेतात. पहिल्या पिढीच्या चार लाखांवर गाड्या बाजारात आहेत किंवा होत्या. सुटे भाग मुबलक, दुरुस्ती घरच्या अंगणात करता येण्याजोगी. अमेरिकेत हौशी शर्यतींचा एक अख्खा वर्ग जुन्या मिआटांवर उभा आहे. ज्याला हलकं, साधं आणि खरोखर स्वस्त हवं, त्याच्यासाठी नव्या एमएक्स-५ची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी जुनी एमएक्स-५ आहे. कारखान्याच्या हिशेबात हा माणूस गिऱ्हाईक नाही, पण त्याच्यामुळेच नव्या गाडीला भाव टिकून राहतो आणि पहिला मालक ती निर्धास्त विकत घेऊ शकतो. बाजाराचा अभ्यास करणारे फक्त नव्या गाड्यांचे आकडे मोजतात आणि मागणी नाही म्हणतात. त्यांच्या तक्त्यात हा दुसरा, तिसरा, चौथा मालक नसतो.

माझदाला तो दिसला असावा. २०१७च्या अखेरीस कंपनीने जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या स्वतःकडे घेऊन नव्यासारख्या करून द्यायला सुरुवात केली. बंद झालेले भाग पुन्हा बनवले गेले, कापडी छतासह. ब्रिजस्टोनने त्या काळचा टायर त्याच नक्षीत पुन्हा काढला. आणि २०२१च्या अखेरीस, ज्या मॉडेलात सर्वांत कमी मिळतं त्याच्याच पायावर ९९०एस नावाची आवृत्ती आली. तिचं नावच वजन आहे. चाकं घडीव, प्रत्येकी सुमारे ८०० ग्रॅमनी हलकी. त्याच वेळी सगळ्या रोडस्टरना वळणात आतलं मागचं चाक हलकेच ब्रेक करून गाडी स्थिर ठेवणारी युक्ती मिळाली. ती निव्वळ सॉफ्टवेअर, म्हणून तिचं वजन शून्य.

२०२३च्या बदलात सायबरसुरक्षेच्या नव्या नियमांसाठी गाडीची इलेक्ट्रॉनिक रचना बदलली गेली. त्याच नियमांपायी पोर्शेला पुढच्या वर्षी पेट्रोलची ७१८ ही स्पोर्ट्स कार युरोपातून काढून घ्यावी लागली. एमएक्स-५ राहिली, पण ९९०एस बंद झाली आणि जपानातलं सगळ्यात साधं मॉडेल हजार किलोंच्या थोडं पुढे सरकलं. चाकांना नट अजून चारच आहेत.